घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस आणि फायरवॉल : पैसे भरून घ्यावा का?

विश्रामबागी

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या संगणकावरच्या अँटीव्हायरसची मुदत या महिनाअखेरीस संपते आहे. गेली सहा वर्षं न चुकता पैसे भरले. या वेळी मात्र हात थांबला. दुकानात तीन वर्षांचे बत्तीसशे सांगितले आणि वर "मॅडम, फायरवॉलवाला घ्या, साध्यानं भागत नाही" म्हणून आणखी हजारभर चढवले. फायरवॉल म्हणजे मला नक्की काय मिळणार, असं विचारलं तर "हॅकर आत येत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

घरात संगणक एकच आहे, २०१७ साली जोडून घेतलेला. विंडोज १०, आठ जीबी रॅम. वापरणारे चौघे. मी घरूनच मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या अडत्यांचे आणि चार-पाच किराणा दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. सासरे निवृत्त शिक्षक, ते पेन्शन, बँक आणि यूट्यूबवर कीर्तनं. मुलगा नववीत, त्याचा अभ्यास थोडा आणि गेम जास्त. मिस्टर तिकिटं काढण्यापुरते.

लोकांनी विश्वासानं दिलेली बिलं आणि हिशेब त्या डब्यात आहेत, त्याचं दडपण येतं. विंडोजबरोबर जो फुकट येतो तो डिफेंडर पुरेसा आहे का? वेगळी फायरवॉल लागते का? आणि विंडोज १० बंद झालं म्हणतात, त्याचं काय करायचं? सांगली-साताऱ्याकडच्यांनी आपापला अनुभव सांगावा, म्हणजे दुकानात जाताना मला नीट बोलता येईल.

तासगावचा बेदाणा

मी पहिला! वाचतोय. आमच्याकडंबी मुदत संपायला आलीय.

अजिंक्यतारा

ताई, प्रश्न नेमके विचारलेत. साताऱ्यात एका कारखान्याच्या संगणक विभागात गेली चौदा वर्षं आहे, त्या अनुभवावर सांगतो.

घरच्या वापराला डिफेंडर पुरतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो पुरा अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. सुरुवातीला कच्चा होता आणि लोकांच्या मनात तीच प्रतिमा बसली आहे. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट, या दोन संस्था सगळ्या अँटीव्हायरसच्या चाचण्या घेतात. त्यांचे निकाल जालावर फुकट वाचता येतात. डिफेंडर तिथे नियमित असतो आणि चांगल्या पैसेवाल्यांच्या पंगतीत बसतो. जाहिरात वाचण्याऐवजी ते तक्ते बघा.

एक लक्षात ठेवा. दुसरा अँटीव्हायरस घातला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. तो काढला की परत कामाला लागतो. तुम्ही सहा वर्षं पैसे भरलेत म्हणजे तुमचा डिफेंडर सहा वर्षं झोपलेला आहे. जुना काढताना मात्र त्याच कंपनीचं साफ काढून टाकायचं साधन वापरा, नाहीतर अर्धामुर्धा मागे राहून संगणक रखडतो.

फायरवॉलचं सविस्तर रात्री लिहितो.

पेठेतलं दुकान

सांगलीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी अँटीव्हायरस विकतो, हे आधीच सांगून टाकतो.

अजिंक्यतारा साहेबांचं तांत्रिक म्हणणं खरं आहे. पण ते कारखान्यात बसतात. माझ्याकडं जी माणसं येतात त्यांच्या संगणकात अपडेट बंद करून ठेवलेले असतात, कारण "अपडेटनं नेट संपतं". विंडोज चोरीचं असतं. ते चालू करायला जे खटपटी सॉफ्टवेअर वापरलेलं असतं, त्यानं डिफेंडरला आधीच सांगून ठेवलेलं असतं की या फोल्डरकडं बघू नको. असा डिफेंडर असून नसल्यासारखाच. त्या माणसाला मी पैसेवाला घालून देतो, कारण मुदत संपली की तो माझ्याकडं येतो, आणि त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी कुणीतरी त्याचा संगणक उघडून बघतं.

आणि क्विक हीलसारखी कंपनी आपल्या मातीतली आहे. काटकर बंधू मूळचे सातारा जिल्ह्यातले, रहिमतपूरकडचे. थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुण्यात दुरुस्तीचं छोटं दुकान, धाकट्या संजय यांनी व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि त्याची २०१६ साली शेअर बाजारात नोंदलेली कंपनी झाली. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला ते ऐकून बळ येतं.

विश्रामबागी

दादा, तुम्ही दुकानदार असून एवढं मोकळेपणानं सांगितलंत, बरं वाटलं. आमचं विंडोज विकतचं आहे. अपडेट मात्र मिस्टरांनी थांबवलेत असं आत्ताच कळलं.

तासगावचा बेदाणा

मिस्टर आज जेवणार का? 😄

जुना कॅफेवाला

फायरवॉल कशासाठी, ते मी एका दिवसाच्या गोष्टीवरून सांगतो.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं नेट कॅफे होतं. नऊ मशीन, सगळ्यांवर विंडोज एक्सपी. ऑगस्ट २००३. बारावीच्या पोरांची प्रवेशाची गर्दी. अचानक तीन नंबरच्या मशीनवर एक चौकट आली: संगणक ६० सेकंदांत बंद होईल. आणि आकडा उतरायला लागला, ५९, ५८, ५७. पोरगी फॉर्म भरत होती, ती रडकुंडीला आली. मशीन बंद झालं, चालू केलं, नेटला जोडलं, पाच मिनिटांत परत तीच चौकट. मग पाचवर, मग सातवर. दुपारपर्यंत नऊच्या नऊ.

कुणीही कुठलीही फाईल उघडली नव्हती, पेन ड्राइव्ह लावला नव्हता. नुसतं नेटला जोडलं की झालं. तो ब्लास्टर नावाचा किडा होता. विंडोजमधलं एक दार उघडं होतं, त्यातून तो स्वतःच आत यायचा. पुण्याहून एका मित्रानं फोनवर सांगितलं की चौकट आली की पटकन काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) "शटडाउन" लिहून पुढे वजा ए टाक, उलटी मोजणी थांबते. मग विंडोजची फायरवॉल हातानं चालू कर, आणि मग मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती उतरवून घे. ती दुरुस्ती जुलैतच आलेली होती! मी घातली नव्हती. रात्री दोनपर्यंत नऊ मशीन केली.

एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद असायची. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ नावाचा एक्सपीचा मोठा अपडेट आला आणि तेव्हापासून ती आपोआप चालू मिळायला लागली. म्हणून आज कुणी सांगितलं की फायरवॉल विकत घ्या, तर आधी विंडोजची स्वतःची चालू आहे का ते बघा. बहुतेक ती असतेच.

अजिंक्यतारा

कॅफेवाले काका, झकास सांगितलंत. आता माझं काम सोपं झालं.

जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा आठवा. तो बंद, आणि त्यातच एक छोटी दिंडी. घरातल्या माणसानं दुधवाल्याला बोलावलं असेल तर दूध घेऊन येणाऱ्याला दिंडी उघडते. न बोलावता आलेला बाहेर राहतो. विंडोजची फायरवॉल हेच करते. बाहेरून आपणहून येणारी जोडणी अडवते, आणि आपण मागवलेलं आत येऊ देते. घरातून बाहेर जाणाऱ्याला मात्र ती सहसा विचारत नाही. पैसेवाल्या फायरवॉलचा फरक मुख्यतः इथे असतो. त्या बाहेर जाणाऱ्यावरही नजर ठेवतात, सतत विचारतात, याला सोडू का, त्याला सोडू का. घरातला माणूस तिसऱ्या दिवशी न वाचता "हो" दाबायला लागतो, आणि मग तिचा उपयोग राहत नाही.

दुसरी दिंडी म्हणजे तुमचा राउटर. फायबरवाल्यानं भिंतीला ठोकून दिलेला तो डबा बाहेरच्यांना तुमचे घरातले संगणक थेट दिसू देत नाही. म्हणजे दोन फायरवॉल घरात आहेतच. पण त्या डब्याचा स्वतःचा पासवर्ड बहुतेक घरांत "अ‍ॅडमिन" असतो आणि तो कुणी बदलत नाही. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. दुसराही बदला. बाहेरून व्यवस्थापन करायची सोय चालू असेल तर बंद करा.

आणि विंडोजला सांगा की घरचं वायफाय "प्रायव्हेट" आहे. लॅपटॉप घेऊन एस. टी. स्टँडवर किंवा हॉटेलात बसलात तर "पब्लिक".

मिरजेचा तंबोरा

हे सगळं ठीक. पण आमच्या घरी जे झालं ते ना अँटीव्हायरसनं अडवलं, ना फायरवॉलनं.

बाबा सत्तरीचे. दुपारी एकटेच, संगणकावर वर्तमानपत्र वाचत होते. एकदम पूर्ण पडदा लाल. पीं पीं असा आवाज, आणि इंग्रजीतून एक बाई सांगते आहे की तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. बाबांनी केला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलला, "सर, घाबरू नका". त्यानं दूरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, नऊ आकडे विचारून घेतले, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. मग म्हणाला, बँकेचं खातं सुरक्षित आहे का तपासू, लॉगिन करा.

नशीब असं की शेजारचे जोशी काका पेपर परत द्यायला आले. त्यांना काही कळलं नाही, पण बाण आपोआप फिरतो आहे हे बघून त्यांनी सरळ राउटरची वायर उपटली.

पैसे गेले नाहीत. पण बाबा नंतर पंधरा दिवस संगणकाला हात लावत नव्हते. "मी एवढा कसा फसलो" म्हणायचे. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ज्यांच्या घरी वडीलधारी आहेत त्यांनी हे एकदा स्वतः करून दाखवा. असा पडदा आला की एस्केप कळ दाबून धरायची, नाहीतर ऑल्ट आणि एफ४, नाहीतर सरळ बटण बंद. मायक्रोसॉफ्ट किंवा कुठलीही खरी कंपनी पडद्यावर फोन नंबर दाखवून फोन करा म्हणत नाही. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन. जेवढा लवकर फोन, तेवढी रक्कम वाटेत अडकवता येण्याची शक्यता.

पेठेतलं दुकान

तंबोरासाहेब, तो लाल पडदा बऱ्याचदा ब्राउझरच्या सूचनांमधून येतो. कुठल्यातरी साइटनं "अलाउ करा" म्हटलं, आपण केलं, की मग उजव्या कोपऱ्यात रोज घाबरवणाऱ्या पट्ट्या येत राहतात. गिऱ्हाईक सांगतं व्हायरस आलाय, मी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतून ती नावं काढतो. दोन मिनिटांचं काम, पैसे घेत नाही.

वाळवेकर

विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली टाका आणि मोकळे व्हा. चार वर्षं झाली, एकही कटकट नाही.

विश्रामबागी

दादा, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल त्यावर चालवायचा म्हणजे माझे पुढचे तीन रिटर्न उशिरा जातील. सासऱ्यांसाठी वेगळा जुना लॅपटॉप मिळाला तर नक्की बघेन.

सहीच्या डोंगलवरून आठवलं. जीएसटीच्या पोर्टलवर सही करताना एमसायनर हा सहीचा प्रोग्रॅम चालत नाही, तेव्हा मदतवाले सांगतात "अँटीव्हायरस आणि फायरवॉल बंद करून बघा". मी दर महिन्याला वीस तारखेला तेच करते. हे चुकतंय का?

अजिंक्यतारा

चुकतंय ताई, आणि हे फार घरांत चुकतं. बंद करून सही झाली म्हणजे अडथळा तिथेच होता एवढं कळलं. मग परत चालू करून त्या एकट्या प्रोग्रॅमला वाट द्यायची: विंडोज सिक्युरिटी, फायरवॉल, "अलाउ अ‍ॅन अ‍ॅप", यादीत एमसायनरपुढे खूण. एकदाच करायचं. घाईत बंद केलेली फायरवॉल वीस तारखेनंतर चालू करायची कुणाला आठवत नाही.

कृष्णावेण्णा

मी सहसा लिहीत नाही, पण विश्रामबागी, तुम्ही नववीतल्या मुलाच्या गेमचं लिहिलंत म्हणून लिहिते.

साताऱ्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. २०२० च्या टाळेबंदीत काम बंद होतं, म्हणून धाकटा भाऊ व्हिडिओ जोडायला शिकत होता. सॉफ्टवेअर महाग, त्यानं कुठूनतरी फुकटचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची प्रत, शोधलं. सोबत सूचना होती: घालण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. आमच्याकडे पैसे भरलेला, मुदतीतला, चांगला अँटीव्हायरस होता. त्यानं तो बंद केला. स्वतःच्या हातानं.

तासाभरानं मी एक अल्बम उघडायला गेले तर फोटोच्या नावापुढे चार अक्षरांचं भलतंच शेपूट. दुसरा, तिसरा, सगळेच. प्रत्येक फोल्डरमध्ये "रीडमी" नावाची एक मजकुराची फाईल. आत लिहिलेलं: फायली कुलूपबंद केल्या आहेत, ९८० डॉलर भरा, ७२ तासांत बोललात तर निम्मे, ४९०. अकरा लग्नं, दोन मुंजी, आणि आमच्या आईचे सगळे फोटो त्यात होते.

पैसे भरले नाहीत. "नो मोअर रॅन्सम" म्हणून युरोपच्या पोलिसांनी २०१६ साली सुरू केलेली एक साइट आहे, तिथे कुलूप उघडायची साधनं फुकट मिळतात. आमच्या प्रकाराचं नाव स्टॉप असं होतं. त्याचं साधन होतं, पण काही ठरावीक किल्ल्यांसाठीच, आणि आमची किल्ली त्यातली नव्हती. मग मी आणि भाऊ वाई, कोरेगाव, रहिमतपूर असे गिऱ्हाइकांच्या घरी फिरलो, त्यांना दिलेले पेन ड्राइव्ह परत मागितले, त्यावरून नऊ लग्नं मिळाली. दोन मिळाली नाहीत. त्यातल्या एका नवरीचे आजोबा लग्नानंतर महिन्याभरात गेले होते. तिच्या आईनं मला काहीही बोल लावला नाही, चहा दिला. ते मला आजही सहन होत नाही.

कुठला अँटीव्हायरस घेता यापेक्षा घरातलं कुणी तो बंद करू शकतं का, हे बघा.

जुना कॅफेवाला

ताई, वाचून गलबलून आलं.

औदुंबर

कृष्णावेण्णाताईंनी जिव्हारी लागेल असं सांगितलं. सगळा भार बॅकअपवर येऊन थांबतो. माझं त्यातलं एक सांगतो.

मी सांगलीच्या गावभागातला. बॅकअप शिस्तीत घ्यायचो, दर रविवारी, एक टीबीच्या वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क कपाटात, संगणकाच्या टेबलाला लागूनच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही माणसं, गाय आणि देव घेऊन बाहेर पडलो. परत आलो तेव्हा खोलीत कमरेइतका गाळ. संगणकही गाळात, डिस्कही गाळात. दोन्ही एकाच दिवशी गेले.

वाचलं ते एवढंच, जे दिवाळीत विट्याला बहिणीकडे गेलो तेव्हा तिच्या लॅपटॉपवर सहज टाकून ठेवलं होतं. तेव्हापासून नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, एक गावाबाहेर. आणि डिस्क कायम जोडून ठेवायची नाही. कुलूप लावणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो. काम झालं की वायर काढायची.

कराडची कोयना

संगणकाचं चाललंय, पण आमच्याकडे धाड फोनवर पडली. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, नाव ओळखीचं, फाईल मात्र एपीके, म्हणजे फोनमध्ये नवा प्रोग्रॅम घालणारी. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते! दिरांनी उघडली आणि त्यांच्या नावानं सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका गेली. आता वाहनदंडाच्या नावानंही येतात. विषय थोडा वेगळा आहे, पण घरच्यांना दाखवा.

तासगावचा बेदाणा

मला आलती ती पत्रिका! जेवणाचा पत्ता शोधत बसलो राव, उघडलीच नाही. मेनू विचारायला फोन केला तर तो म्हणतोय, माझं लगीन कधी ठरलं?

पेठेतलं दुकान

😄 बेदाणा, तुझ्या भुकेनं तुला वाचवलं.

पेन ड्राइव्हचं कुणीच बोललं नाही, म्हणून सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिला आणि घरी आणून लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. लोक रडत येतात, सगळं गेलं म्हणून. गेलेलं नसतं, लपवलेलं असतं. त्या शॉर्टकटवर टिचकी मारायची नाही, आधी स्कॅन, मग काळ्या खिडकीत "अ‍ॅट्रिब" ची आज्ञा दिली की फोल्डर पुन्हा दिसतात. बरं, प्रिंटला मेल करा ना. पेन ड्राइव्ह द्यायचाच तर त्यावर फक्त तेवढीच फाईल ठेवा.

वाळवेकर

फुकटच्या अँटीव्हायरसबद्दलही एक. अ‍ॅव्हास्टनं वापरणाऱ्यांची जालावरची माहिती जमा करून आपल्या जम्पशॉट नावाच्या कंपनीमार्फत विकली, ते उघड झाल्यावर २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले. फुकट घेताना तो पैसे कुठून मिळवतो ते बघा.

पेठेतलं दुकान

मान्य. मग पैसे देऊन घ्या म्हणतो ते याचसाठी. कंपनीचं पोट गिऱ्हाइकाच्या पैशावर चालावं, गिऱ्हाइकाच्या माहितीवर नको.

अजिंक्यतारा

पण दादा, डिफेंडरचं पोट विंडोजच्या किमतीवर चालतं, आणि ती ताईंनी भरलेली आहे.

तुमच्याशी माझा वाद एवढाच आहे. ज्यांच्याकडे दुकानदार वर्षातून एकदा येऊन सगळं तपासतो, त्यांना त्या भेटीचा उपयोग होतो, विकत घेतलेल्या अँटीव्हायरसच्या डब्याचा नाही. तुम्ही तपासणीचे पैसे घ्या, उघडपणे घ्या, मी देईन.

आता विंडोज १०. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण नव्या सापडणाऱ्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. २०१७ चा वानाक्राय, फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा किडा, लक्षात असेल. मे महिन्यात जगभर हाहाकार झाला आणि दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. काकांच्या ब्लास्टरचीच पुनरावृत्ती. तुमचा संगणक २०१७ चा, त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बहुधा बसणार नाही. तरी घाबरू नका. वाढीव सुरक्षा अपडेटची घरगुती योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. डिफेंडरला व्हायरस ओळखायचे अपडेट विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. नवीन संगणकासाठी आतापासून थोडे थोडे बाजूला ठेवा.

मुलाला वेगळं खातं काढून द्या, "स्टँडर्ड". सॉफ्टवेअर घालायचं असेल किंवा डिफेंडर बंद करायचा असेल तर तुमचा पासवर्ड लागेल. आणि डिफेंडरमध्ये "रॅन्समवेअर प्रोटेक्शन"खाली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस आहे, ते मुळात बंद असतं. चालू करा, हिशेबाचं फोल्डर त्यात घाला, आणि तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या, नाहीतर तेही अडेल.

विश्रामबागी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी दुपारी चौघं मिळून बसलो.

जुना अँटीव्हायरस काढला, त्याच्या कंपनीच्या साधनानं. डिफेंडर उठला. मिस्टरांनी स्वतः अपडेट चालू केले, तीन तास चालले होते. वाढीव अपडेटची नोंदणीही झाली. मुलाचं वेगळं खातं काढलं. तो रुसला होता, पण कृष्णावेण्णाताई, तुमचं लिहिलेलं मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं स्वतःच उठून डाउनलोडच्या फोल्डरमधल्या दोन फायली दाखवल्या, "आई, या पण काढून टाक" म्हणाला. दोन्ही गेमचे क्रॅक होते.

ते बत्तीसशे आणि वरचे हजार यात थोडे घालून एक टीबीची डिस्क घेतली. ती आमच्याकडे राहणार नाही. दर शनिवारी बॅकअप झाला की माझी मैत्रीण कुपवाडला घेऊन जाते, तिची माझ्याकडे येते. दोन्ही डिस्कना पासवर्ड आहे. दुकानातल्या दादांना वर्षातून दोनदा तपासणीला बोलवायचं ठरलंय.

राउटरचा पासवर्ड बदलायचा जिम्मा सासऱ्यांनी घेतला. त्यांनी तो आपल्या वहीत मोडीत लिहून ठेवलाय. घरात मोडी फक्त त्यांनाच येते.

तासगावचा बेदाणा

मोडीतला पासवर्ड! आजोबांना साष्टांग. हे कुठल्या अँटीव्हायरसला जमायचं नाही.

मिरजेचा तंबोरा

पण आजोबा गावाला गेले आणि राउटर अडला तर?

विश्रामबागी

म्हणून मुलगा कालपासून मोडी शिकतोय. बाराखडीचा तक्ता संगणकाशेजारी लागलाय.

अजिंक्यतारा दादा, एक राहिलं. डिफेंडर खरंच जागा आहे हे कसं बघायचं? खरा व्हायरस आणून तर बघता येत नाही.

अजिंक्यतारा

त्यासाठीच आयकार नावाची चाचणी फाईल असते. ६८ अक्षरांची एक ओळ, तिच्यात धोकादायक काहीच नाही, पण सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस मानायचं ठरवून बसलेत. आयकारच्या साइटवरून ती ओळ घ्या, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि जतन करा.

विश्रामबागी

केलं. जतन म्हणेपर्यंत कोपऱ्यात पट्टी आली आणि फाईल गायब. सासऱ्यांनी तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.